प्रवाशाचा चेहरा आणि आपला कॅमेरा

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल दिवसभर या शिबिरात वेतन, पेन्शन आणि रिक्त जागा यांवर चर्चा झाली. आज जेवणानंतरच्या सत्रात फोटोग्राफीवर भाषण आहे हे कळल्यावर, "चला, तासभर डुलकी काढायला हरकत नाही," असे काही साथी म्हणाल्याचे आमच्या कानावर आले आहे. डुलकी जरूर काढा. फक्त शेजारच्याच्या हातात मोबाइल आहे का, ते आधी बघून घ्या. आजचा विषय नेमका तोच आहे.

आम्ही म्हणजे पाच-सहा जणांचा एक लहानसा गट. काही रेल्वेतले, काही टपाल खात्यातले. नोकरीमुळे मुलूख सुटला. कोणी इटारसीला, कोणी सिकंदराबादला, कोणी हुबळीला पडला. गावी जाता-येताना आणि ड्यूटी संपल्यावर परतीच्या गाडीत आम्ही प्रवाशांचे फोटो काढत आलो. खिडकीशी बसलेली म्हातारी, दारात लोंबकळणारी पोरे, बर्थवर पत्ते खेळणारे चाकरमाने. अधिवेशनाच्या मंडपात त्यांचे प्रदर्शन लागायचे आणि साथी कौतुक करायचे. आमचेही डोके थोडे वर चढले होते, हे कबूल करायला हवे.

मग एक प्रसंग घडला. तो आधी सांगतो, कारण त्यानेच आम्हाला या विषयाचा नीट विचार करायला लावला.

काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने रात्रीच्या गाडीत जनरल डब्यात एक फोटो काढला. संडासाजवळच्या जागेत फरशीवर एक बाई बसल्या बसल्या झोपी गेलेली. मांडीवर जेवणाचा डबा, एक हात डब्यावर, डोके पत्र्याला टेकलेले, अंगावरून लोकांचे पाय ओलांडून चाललेले. फोटो उत्तम आला होता. जनरल डबे वाढवा, अशी मागणी करणारे पोस्टर आम्ही त्याच सुमारास काढत होतो. त्यावर हाच फोटो छापला आणि तो स्टेशनांबाहेर, चहाच्या टपऱ्यांवर, कॉलनीत सगळीकडे लागला.

दोन-अडीच महिन्यांनी एक गँगमन साथी आम्हाला शोधत आला. घडी केलेले पोस्टर त्याने पिशवीतून काढले आणि म्हणाला, "मागणी तुमची खरी आहे. पण ही माझी थोरली बहीण आहे." नवऱ्याचे काम बंद पडल्यापासून ती शहरात घरकामाला जात होती. गावात आणि सासरी तिने सांगितले होते, ओळखीच्या एका ऑफिसात काम मिळाले आहे. पोस्टर सासरच्या माणसांनी पाहिले. पुढे काय झाले ते तुम्ही ताडू शकता.

आम्ही माफी मागायला गेलो. ताईंनी चहा दिला. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "फोटो काढल्यावर मला उठवून विचारायला काय झालं होतं?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर तो सुचलाच नव्हता. आम्ही कामगारांच्या बाजूचे, पोस्टर कामगारांच्या बाजूचे, म्हणून फोटोही आपोआप कामगारांच्या बाजूचा झाला, अशी आमची समजूत होती.

त्यानंतर आम्ही वाचायला लागलो. प्रवासात अनोळखी माणसांचे फोटो काढणारे आम्ही पहिले नाही. हा प्रश्न आमच्याआधी कोणाला पडला होता का, हे आम्ही शोधले. पडला होता, आणि फार आधी पडला होता.

अमेरिकेत वॉकर इव्हान्स नावाचा मोठा छायाचित्रकार होऊन गेला. १९३० नंतरच्या मंदीत त्याने दक्षिणेकडच्या गरीब शेतकऱ्यांचे काढलेले फोटो आजही जगभर दाखवले जातात. १९३८ ते १९४१ या काळात तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत फोटो काढत असे. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. लहान कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग त्याने काळे रंगवले. कॅमेरा कोटाच्या आत छातीवर अडकवला आणि भिंग कोटाच्या दोन बटणांमधून डोकावेल असे ठेवले. कळ दाबायची तार बाहीतून तळहातापर्यंत आणली. मग तो समोरच्या बाकावरच्या प्रवाशासमोर गप्प बसून राही. कॅमेरा डोळ्याला लावायची सोय नव्हती, जादा प्रकाश टाकायची सोय नव्हती. डब्यातल्या दिव्यांवर आणि अंदाजावर सगळे काम. पुष्कळदा हेलन लेव्हिट ही तरुण छायाचित्रकार त्याच्या सोबत असे. पुढे तिचेही मोठे नाव झाले.

अशी सहाशेहून अधिक छायाचित्रे त्याने घेतली. त्यात पेपर वाचणारे आहेत, पेंगणारे आहेत, उगाच शून्यात बघणारे आहेत. गाडीत बसलेला माणूस घरातला आणि कामावरचा असे दोन्ही मुखवटे उतरवून ठेवतो, आणि तेव्हाच त्याचा खरा चेहरा दिसतो, असे इव्हान्सचे म्हणणे होते. ते खोटे नाही. आपल्यातल्या टीसी आणि गार्ड साथींना हे त्याच्याहून जास्त ठाऊक आहे. रात्री दोन वाजता डब्यातून चक्कर मारणाऱ्याला माणसाचा जो चेहरा दिसतो, तो त्याच्या बायकामुलांनीही पुष्कळदा पाहिलेला नसतो.

पण पुढची गोष्ट महत्त्वाची. या छायाचित्रांचे पुस्तक इव्हान्सने लगेच काढले नाही. त्याचा मित्र जेम्स एजी याने १९४० सालीच प्रस्तावना लिहून दिली होती. तरी पुस्तक निघाले १९६६ साली. नाव 'मेनी आर कॉल्ड', आत ८९ छायाचित्रे. तोवर एजी वारून अकरा वर्षे झाली होती. या उशिराची एकच एक कारणमीमांसा नाही, पण आपण माणसे त्यांच्या नकळत टिपली आहेत ही टोचणी त्याला होती. पाव शतक गेल्यावर चेहरे बदलतात, माणसे पांगतात, कोणाला ओळख पटून त्रास होण्याची शक्यता कमी होते. ताईंचा फोटो आम्ही तीन आठवड्यांत चौकात लावला होता.

इथे थोडे विषयांतर, पण आपल्याला लागू असलेले. १९६६ हे साल न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या इतिहासात दुसऱ्याही कारणाने प्रसिद्ध आहे. त्या वर्षी १ जानेवारीला तिथल्या रेल्वे आणि बस कामगारांनी संप पुकारला. तीस हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले आणि बारा दिवस शहर ठप्प झाले. त्यांचा नेता माइक क्विल हा आयर्लंडमधून आलेला, स्वतः भुयारी रेल्वेत नोकरी केलेला माणूस. आठवड्याचे सातही दिवस बारा-बारा तास राबण्याचे जुने दिवस त्याने पाहिले होते आणि १९३४ साली निघालेल्या युनियनच्या संस्थापकांपैकी तो एक होता. कोर्टाचा मनाई हुकूम मोडला म्हणून ४ जानेवारीला त्याला तुरुंगात टाकले. तिथे तो कोसळला. संप यशस्वी झाला, आणि २८ जानेवारीला क्विल वारला.

हे एवढ्यासाठी सांगितले की इव्हान्सच्या पुस्तकाचा विषय होता समोरच्या बाकावरचा प्रवासी. ती गाडी चालवणारा, दारे उघडणारा, भुयारात रूळ तपासणारा माणूस त्या चौकटीबाहेर राहिला. ही तक्रार नाही, कोणत्याही फोटोला चौकट असतेच. पण फोटो पाहताना चौकटीबाहेर कोण आहे, हा प्रश्न कामगाराने विचारायला शिकले पाहिजे.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. सबॅस्तियाव सालगादो या ब्राझीलच्या छायाचित्रकाराने १९९५ साली मुंबईच्या चर्चगेट स्टेशनवर काढलेला फोटो तुमच्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर किंवा मासिकात पाहिला असेल. दोन लोकल उभ्या आहेत, त्या स्पष्ट दिसतात. आणि मधून माणसांचा लोंढा धुरासारखा वाहतो आहे. कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवली की हलणारी वस्तू पुसट होते, हे त्यामागचे साधे तंत्र. त्याच वर्षी, त्याच स्टेशनवर रघु राय यांनीही असाच फोटो काढला. त्यात वर्तमानपत्रात डोके घातलेला माणूस तेवढा स्पष्ट आहे आणि भोवतालची गर्दी पुसट. या फोटोंत कोणाचा चेहरा पळवला असे म्हणता येत नाही. लोंढ्यातल्या माणसाला त्याची सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही. पण गर्दीचे ओझे, वेग, दमणूक सगळे कळते. सालगादो मुळात अर्थशास्त्र शिकलेला. जगभरच्या अंगमेहनतीच्या कामगारांवर त्याने १९९३ साली 'वर्कर्स' हे मोठे पुस्तक काढले होते. गर्दीची कहाणी सांगायला प्रत्येक वेळी एखाद्याचे झोपलेले तोंड लागतेच असे नाही, हे आम्हाला त्या फोटोंवरून उमगले.

मग चेहरा दाखवूच नये का? तसेही नाही. न्यूयॉर्कच्याच भुयारी रेल्वेत १९८० साली ब्रूस डेव्हिडसन नावाच्या छायाचित्रकाराने अगदी उलट रीत वापरली. कॅमेरा उघड गळ्यात, रंगीत फिल्म, लख्ख फ्लॅश. तो काळ तिथे गुंडगिरीचा, डबे आतून-बाहेरून रंगाने बरबटलेले. तो आपल्याच फोटोंचा एक अल्बम सोबत ठेवी. समोरच्याला तो दाखवी, आपण काय करतो ते समजावी आणि पुष्कळदा विचारून फोटो घेई. कधी आधी काढून नंतर बोलणे होई, पण लपणे नव्हते. त्याचे 'सबवे' हे पुस्तक १९८६ साली निघाले. त्यातले अनेक प्रवासी सरळ कॅमेऱ्याकडे बघत आहेत. ते चेहरे इव्हान्सच्या चेहऱ्यांपेक्षा कमी खरे आहेत असे आम्हाला तरी वाटले नाही. माणसाला विचारले की तो खोटा होतो, ही छायाचित्रकारांची सोयीची समजूत आहे.

तिसरे उदाहरण जपानचे. मायकेल वोल्फ या छायाचित्रकाराने टोकियोच्या एका स्टेशनवर उभे राहून खच्चून भरलेल्या गाड्यांच्या काचांवर दाबले गेलेले चेहरे टिपले. २०१० साली त्याचे पुस्तक आले. काचेवर श्वासाची वाफ, घामाचे थेंब, मिटलेले डोळे. पाहताना छाती दडपते, आणि गर्दीच्या वेळच्या प्रवासाबद्दल ते फोटो जे सांगतात ते शंभर अहवाल सांगणार नाहीत. पण त्यात काही प्रवासी असे आहेत की त्यांना कॅमेरा दिसला आहे. त्यांना हलता येत नाही, पाठ फिरवता येत नाही. कोणी डोळे घट्ट मिटून घेतो, कोणी हात काचेवर आणून चेहरा झाकतो. तो हात म्हणजे नकारच आहे. नकार दिलेला असताना फोटो छापावा का? आमच्या गटात यावर दोन मते पडली आणि अजूनही आहेत. जगाला ही गर्दी दिसलीच पाहिजे, हे एक मत. हलताही न येणाऱ्या माणसाचा नकार सर्वात आधी पाळला पाहिजे, हे दुसरे. ताईंच्या घरून परत आल्यावर आमच्यातले बहुतेक दुसऱ्या बाजूला गेले.

साथींनो, इथवर कॅमेरा आपल्या हातात होता. आता तो उलटा फिरवून पाहू.

इव्हान्सला कोट लागत होता, बाहीतली तार लागत होती. आज काहीच लागत नाही. मोबाइल वाचतो आहे असे दाखवत कोणीही कोणाचाही फोटो काढतो आणि गाडी पुढचे स्टेशन गाठायच्या आत तो हजारो लोकांपर्यंत पोचतो. यात सर्वात सोपे सावज कोण? जो जागा सोडून जाऊ शकत नाही तो. तिकीट खिडकीतला कारकून, काउंटरवरची पोस्टातली भगिनी, दारोदार फिरणारा पोस्टमन, फाटकावरचा गेटमन.

आमच्या ओळखीचा एक बुकिंग क्लार्क. बदलीचा माणूस आला नाही म्हणून त्याने सलग दुसरी पाळी केली होती. सोळावा तास चालू असताना खिडकीवर गर्दी नव्हती, त्याने दोन मिनिटे टेबलावर डोके टेकले. कोणी तरी फोटो काढला आणि खाली लिहिले, "यांना पगार झोपायचा मिळतो." दुसऱ्या दिवशी खुलासा मागवला गेला. फोटोत खिडकी होती, डोके होते, हजेरीपुस्तक नव्हते. युनियनने पाळ्यांचा तक्ता पुढे ठेवला तेव्हा प्रकरण मिटले. पण फोटो मिटला नाही. त्याच्या मुलीने तो शाळेत पाहिला.

आता सांगा, त्या कारकुनाचा फोटो आणि ताईंचा फोटो यांत फरक कोणता? आपण म्हणू, त्यांचा हेतू वाईट, आमचा चांगला. हेतूत फरक आहेच. पण दोघेही झोपेत होते, दोघांनाही विचारले नव्हते, दोघांचीही हकीकत चौकटीबाहेर राहिली. जो न्याय आम्ही त्या कारकुनासाठी मागितला, तो ताईंना नाकारायचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण साथी विचारतात. सार्वजनिक जागी दुसऱ्याचा साधा फोटो काढणे एवढ्यावरूनच गुन्हा ठरत नाही. पण कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीशिवाय घेणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. स्त्रीला तिच्या खासगी क्षणी चोरून पाहणे वा तिचे चित्र घेणे हा २०१३ पासून दंड संहितेत गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्याने त्याचा खासगीपणा संपत नाही, तो माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेला आहे, असे त्या निकालपत्रात म्हटले आहे. म्हणजे प्रवाशाने तिकीट काढले ते जागेसाठी. चेहरा त्या भाड्यात धरलेला नसतो.

परंतु आम्हाला वाटते, हा धडा आपल्याला कोर्टाने शिकवायची गरज नाही. तो आपल्याच घरात आहे. आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झाले. पोस्टकार्ड उघडे असते. पेटीतून काढणारा, शिक्का मारणारा, धावत्या मेल व्हॅनमध्ये हलत्या दिव्याखाली छाननी करणारा आरएमएसचा सॉर्टर, शेवटी पोस्टमन, इतक्या हातांतून ते पूर्वी जात असे. सगळ्यांना वाचता येते. कोणाचा बाप गेला, कोणाचे लग्न मोडले, कोणी पैसे मागितले, सारे त्यात असते. १८९८ च्या टपाल कायद्यात बंद पत्र उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा होती. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. पण उघडे कार्ड चावडीवर वाचून दाखवायचे नाही, हे आपल्या जुन्या पोस्टमनांनी शिक्षेच्या भीतीने पाळले नव्हते. अशिक्षित म्हातारीला तिचे पत्र वाचून दाखवायचे ते तिच्या ओसरीवर, तिने सांगितल्यावर, आणि तिथेच विसरायचे, ही त्या नोकरीची रीत होती. लोक पोस्टमनला घरचा माणूस म्हणत, त्याचे कारण हेच.

गाडीतला चेहरा पोस्टकार्डासारखा आहे. उघडा आहे, म्हणून कोणालाही दिसतो. पण तो ज्याच्या नावचा आहे त्याचाच राहतो.

याचा अर्थ कॅमेरे पेटीत बंद करून ठेवा असा नाही. लुईस हाइन हा अमेरिकन शिक्षक १९०८ पासून बालकामगारांचे फोटो काढत देशभर फिरला. निरनिराळ्या बतावण्या करून तो गिरण्यांत शिरे. पण मुलांशी तो बोले. नाव, वय, कामाचे तास, मजुरी विचारून टिपून घेई. बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला त्या फोटोंनी मोठे बळ दिले. हाइन लपला तो मालकापासून, आणि आम्ही लपलो तो झोपलेल्या बाईपासून. आमची चूक एवढ्या एका वाक्यात मावते.

म्हणून आमच्या गटाने आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत, आणि आपल्या संघटनेच्या सर्व शाखांनीही त्या स्वीकाराव्यात अशी आमची विनंती आहे.

एक. गर्दी, डब्याची अवस्था, तुटलेले बाक, बंद पंखे, न साफ केलेले संडास यांचे फोटो खुशाल काढावेत. हा आपल्या लढ्याचा पुरावा आहे. पण एका माणसाचा चेहरा ओळखू येत असेल, तर पोस्टरवर, अंकात किंवा मोबाइलवर पाठवण्याआधी त्याला विचारावे. झोपलेल्याला उठल्यावर विचारावे. विचारता आले नाही, तर तो फोटो छापू नये.

दोन. ज्याचा फोटो घेतला त्याची हकीकत घ्यावी आणि फोटोची एक प्रत त्याला पोचवावी. पत्ता मिळाला तर पोचवणे आपल्याला अवघड नाही, ते आपले कामच आहे.

तीन. आपल्या एखाद्या साथीचा असा फोटो पसरला, तर शाखेने त्याच दिवशी पाळीचा तक्ता, मंजूर जागा आणि रिक्त जागा यांची माहिती लोकांपुढे मांडावी. चौकटीबाहेर राहिलेले चौकटीत आणणे, हे संघटनेचे काम आहे.

शेवटी ताईंविषयी. आम्ही उरलेली पोस्टरे काढून आणली. सगळी मिळाली नाहीत, काही अजून कुठे कुठे असतील. त्या गाडीने त्या आता जात नाहीत. पहाटे लवकरच्या गाडीने जातात. निघताना आम्ही त्या फोटोची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "वाईट नाही आला. पण हा माझा, का तुमचा?" आम्ही म्हटले, तुमचा. मग त्यांनी तो घडी न घालता ट्रंकेत साड्यांखाली ठेवला.

त्याची दुसरी प्रत आमच्याकडे आहे, पण ती आज तुम्हाला दाखवणार नाही.